सोनं तोललं, घडण कोण तोलणार?

आजीच्या बोटात एक वेढणी होती. नक्षी नाही, खडा नाही. सोन्याची तार दोन फेरे वळवून बोटात बसवलेली. साठ वर्षांच्या धुण्याभांड्यांनी आणि लाटण्याच्या घासण्यानं ती एका जागी दोऱ्याइतकी बारीक झाली होती. आजी गेल्यावर ती माझ्याकडे आली. तिची अंगठी करून घ्यावी म्हणून मी एका मोठ्या पेढीत गेले. काउंटरवरच्या मुलानं वेढणी काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि म्हणाला, "मोडीत द्या ना मॅडम, बदल्यात तयार डिझाइन भरपूर आहेत." त्या क्षणी माझ्या आजीची वेढणी संपली आणि सव्वाचार ग्रॅम सोनं तेवढं उरलं.

मग मी कोल्हापूरच्या गुजरीत, तिथल्या सराफ बाजारात गेले. एका बोळात, अरुंद जिना चढून वर, सत्तरीला टेकलेले एक कारागीर पाटापुढे मांडी घालून बसले होते. त्यांनी वेढणी आधी हातात घेतली, बोटांत फिरवली, झिजलेल्या जागी नख लावून पाहिलं. मी विचारलं, "मामा, हिची अंगठी होईल का?"

"हुईल की. पर आदी बोट दावा ताई. सोन्याचं मागनं बगू."

हाताने घडवलेल्या अंगठीचा सगळा प्रश्न या दोन दुकानांच्या मधे उभा आहे. वजन आपण मिलिग्रॅमपर्यंत मोजतो. शुद्धतेवर सरकारी छाप आली. या दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण ज्या कामामुळे धातूची वस्तू होते, ती घडण मोजायची सवय आपल्याला लागली नाही. बिलावर ती 'घडणावळ' म्हणून एका ओळीत येते आणि त्या ओळीवरच सगळी घासाघीस होते. अंगठी कशी बनते, कशाने टिकते, तिच्यावर कोणाचा हात फिरलेला असतो आणि त्या हाताला काय मिळतं, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

माप

पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ते कट्टर शिवभक्त; विठ्ठलाच्या देवळाकडे बघायचेही नाहीत. एका सावकारानं विठ्ठलासाठी सोन्याचा करदोडा घडवायला सांगितला. सावकारानं आणून दिलेल्या मापावर नरहरींनी तो घडवला, पण देवाच्या कमरेला तो बसेना. एकदा मोठा झाला, एकदा लहान. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले, हातानं चाचपलं, आणि हाताला शंकर लागला. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. भक्तांसाठी ही हरिहरांच्या ऐक्याची कथा आहे. सोनारकामाच्या बाजूनं ऐकली तर तिच्यात धंद्याचा पहिला धडा आहे: दुसऱ्यानं आणून दिलेल्या मापावर दागिना बसत नाही.

अंगठीला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. हार चार बोटं लांब झाला तरी चालतो. अंगठी अर्धा मिलिमीटर चुकली की एकतर रुतते, नाहीतर हात धुताना मोरीत जाते. शिवाय बोट दिवसभर सारखं राहत नाही. उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं, गरोदरपणात सुजतं, वय वाढलं की पेर जाड होतं. जाणता कारागीर सकाळी घेतलेल्या एका मापावर विसंबत नाही. तो पेरावरून अंगठी चढते कशी आणि पेराच्या खाली बसते कशी, दोन्ही पाहतो. पट्टी रुंद असेल तर माप किंचित सैल ठेवतो, कारण रुंद पट्टी जास्त कातडी धरते.

यातलं गणित सोपं आहे, पण नवशिके हमखास तिथेच चुकतात. अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पट्टीची जाडी १.५ मिलिमीटर असेल, तर पट्टी किती लांब कापायची? १७ ला ३.१४ नं गुणलं तर ५३.४ येतात आणि अंगठी घट्ट होते. पट्टी वळवली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. खरी लांबी या दोन्हींच्या मधल्या रेषेवर असते. म्हणून व्यासात जाडी मिळवायची. १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ५८ मिलिमीटर. कोल्हापूरच्या मामांनी हे गणित कागदावर केलं नाही. त्यांनी मापाच्या सळईवर तार गुंडाळली, सरळ केली आणि तिच्यापुढे "पत्र्याच्या तीन जाड्या धरून" थोडं जास्त कापलं. उत्तर तेच आलं.

वजनाची जुनी भाषाही इथे आठवावी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. लाल-काळ्या गुंजेचं बी हे सोनाराचं नेहमीचं लहान वजन होतं. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या कागदावरचे तोळे आणि आजच्या बिलावरचे तोळे जुळत नाहीत आणि घरात उगाच संशय येतो, त्याचं मूळ पुष्कळदा या फरकात असतं.

धातू

शुद्ध सोनं १,०६४ अंश सेल्सियसला वितळतं, हवेनं काळं पडत नाही, आणि इतकं मऊ असतं की त्याची रोज वापरायची अंगठी काही महिन्यांत वाकडी होईल. म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळतात. २४ भागांपैकी २२ भाग सोनं म्हणजे २२ कॅरेट, हजारात ९१६. १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ कॅरेट म्हणजे ५८५. तांबं वाढलं की रंग लालसर होतो, चांदी वाढली की फिका. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल असतं आणि वरून बहुधा ऱ्होडियमचा मुलामा. तो मुलामा झिजला की खालचा पिवळट रंग दिसू लागतो, हे विकताना सांगायला हवं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधीच विचारून घ्यावं.

आपल्याकडे २२ कॅरेटचा आग्रह असतो, कारण दागिना हा अडीअडचणीचा आधार आहे. तो आग्रह समजण्यासारखा आहे. पण बारीक नखीत हिरा धरायचा असेल तर २२ कॅरेटची नखी मऊ पडते. तिथे १८ कॅरेट शहाणपणाचं. साध्या, जाडसर पट्टीला २२ कॅरेट उत्तम. कोणतं कॅरेट चांगलं याचं उत्तर अंगठीच्या कामावरून ठरतं.

धातू बदलला की तीच अंगठी हाताला वेगळी लागते. वर मोजलेली पट्टी ३ मिलिमीटर रुंद धरली तर २२ कॅरेटमध्ये तिचं वजन सुमारे ४.६ ग्रॅम भरतं, १८ कॅरेटमध्ये ४ ग्रॅमच्या आसपास, स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदीत अवघं २.७ ग्रॅम, आणि ९५० शुद्धतेच्या प्लॅटिनममध्ये ५.४ ग्रॅमच्या जवळपास. प्लॅटिनम वितळायला १,७६८ अंश लागतात. सोनाराच्या नेहमीच्या जाळावर ते हलतही नाही. म्हणून आपल्या पारंपरिक सोनारकामात प्लॅटिनम नाही. त्याची हत्यारं आणि जाळ दोन्ही वेगळे.

घडण

आता आजीच्या वेढणीकडे येते. मामांनी तिचा कोपरा कसोटीवर घासला, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढली, दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडला आणि रेघा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. "चांगलं हाय. जुनं सोनं." मग वेढणी मुशीत गेली, वर चिमूटभर टाकणखार. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, हवा अडवतो आणि मळ स्वतःत ओढून घेतो. जाळाखाली वेढणीचे दोन फेरे एकमेकांवर टेकले, कडा गोल झाल्या, आणि अचानक मुशीत एक थरथरता थेंब उरला. मला गलबलून आलं. मामांनी मान वर केली नाही, नुसतं म्हणाले, "मोडल्याबिगर घडत न्हाई."

तेल लावलेल्या लोखंडी साच्यात थेंब ओतला. बोटाच्या पेराएवढी लगड निघाली. ऐरणीवर हातोडीनं तिच्या चारी बाजू सारख्या केल्या, मग ती हातानं फिरवायच्या रुळांतून काढायला सुरुवात झाली. इथे धातूचा स्वभाव कळतो. रुळांतून चार-पाच वेळा गेलं की सोनं ताठ होतं. तरीही रेटलं तर कडेला चिरा पडतात. म्हणून ते पुन्हा तावायचं; मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडायचं. आत दाबलेले कण मोकळे होतात आणि सोनं परत मऊ येतं. हा लाल रंग उजेडात दिसत नाही. म्हणून मामांची शेगडी खिडकीपासून लांब, कोपऱ्यातल्या अंधारात होती. जाळाला अंधार लागतो आणि कानशीला उजेड, हे त्या दहा बाय दहाच्या खोलीच्या मांडणीवरूनच समजत होतं. 'तावून सुलाखून' हा शब्दप्रयोग आपण माणसांसाठी वापरतो. त्यातलं तावणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पट्टी मापात कापली, सळईवर वळवली, टोकं समोरासमोर आली. आता सांधा. मामांनी दोन्ही टोकं कानशीनं घासून एकमेकांवर टेकवली आणि अंगठी खिडकीकडे धरली. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली. पुन्हा घासलं. पुन्हा धरलं. चौथ्या वेळी उजेड बंद झाला. डाग, म्हणजे सांधा जोडायचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू, फट बुजवत नाही. तो केसाएवढ्या जागेत स्वतःहून ओढला जातो. फट मोठी ठेवून वरून डाग भरला तर अंगठी आज छान दिसते आणि चार वर्षांनी तिथेच उकलते. तिळाएवढा डाग ठेवून मामांनी जाळ आधी सांध्याच्या समोरच्या बाजूला फिरवला. सगळी अंगठी सारखी तापली पाहिजे. वितळलेला डाग गरम भागाकडे धावतो. एका क्षणी सांध्यावरून एक चकाकी सरकली. जाळ बाजूला. हे सगळं दोन सेकंदांत झालं. आणखी दोन सेकंद जाळ राहिला असता तर पट्टीच बसली असती.

पुढचं काम संथ. सौम्य आम्लात टाकून काळं काढायचं. मामांच्या वडिलांच्या वेळी त्यासाठी चिंचेचं पाणी असायचं आणि धुवायला रिठे. मग सळईवर चढवून लाकडी मोगरीनं गोल करायची, कानस, बारीक कागद, आणि शेवटी ओपणी. गुळगुळीत ओपणी दाबून फिरवली की वरचा थर घट्ट बसतो आणि झळकतो. सोनं घासून जात नाही, जागच्या जागी उजळतं.

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली जी मी सांगितली नव्हती. धारदार कानशीनं पट्टीच्या मधोमध एक बारीक घळ ओढली. अंगठी एकच, पण बघताना दोन फेरे शेजारी शेजारी असल्यासारखे वाटतात. "वेडनी व्हती न्हवं," एवढंच म्हणाले. डिझाइन या शब्दाचा अर्थ मला त्या घळीत समजला.

कोंदण

खडा आला की अंगठीचं गणित बदलतं. आपल्याकडचं जुनं कोंदण बंद असतं: खड्याभोवती सोन्याची भिंत, खाली चकचकीत वर्ख, आणि कुंदनकामात शुद्ध सोन्याचे पातळ पापुद्रे दाबून खडा पक्का केलेला. शुद्ध सोनं इतकं मऊ आणि स्वच्छ असतं की दाबानंच ते एकजीव होतं. जाळ लागत नाही. हिऱ्याला मात्र खालून-बाजूनं उजेड हवा, म्हणून तो नख्यांवर उचलून धरतात. न्यूयॉर्कच्या टिफनीनं १८८६ मध्ये सहा नख्यांची जी अंगठी आणली, ती आज जगभर साखरपुड्याच्या अंगठीचा नमुना होऊन बसली आहे. पत्रिकेनुसार खडा घालणाऱ्यांना तो कातडीला लागायला हवा असतो, म्हणून तिथे कोंदण खालून उघडं.

खडा निवडताना दिसण्याइतकाच कठीणपणा पाहावा. मोसच्या श्रेणीत हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पाचू साडेसात ते ८, पोवळं ३ ते ४, मोती साधारण अडीच ते साडेचार. घरातल्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. म्हणजे मोत्याची अंगठी नुसती पुसली तरी तिच्यावर ओरखडे उठतात. मोती, पोवळं, पाचू यांना जाळ सोसत नाही. डागाचं सगळं काम आधी आणि खडा शेवटी. जुन्या अंगठीचं माप बदलायला देताना खडा काढून घेतलात का, हे विचारायला लाजू नये.

कस आणि छाप

सोनार हा या भूमीतला फार जुना कारागीर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनारानं पाण्याचं टाकं दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. पण जितकी जुनी ही कला, तितकाच जुना तिच्याभोवतीचा संशय. गिऱ्हाईकाला शुद्धता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ते सोनाराकडे रोखून बघत राहतं. त्या नजरेचं ओझं प्रामाणिक कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं.

स्वतंत्र भारतात या धंद्यावर सर्वांत मोठा घाव जानेवारी १९६३ मध्ये बसला. चीन युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी केली. २२ कॅरेटवर हात बसलेल्या लाखो सोनारांचा धंदा एका फटक्यात बसला. काहींनी आत्महत्या केल्या. १९६८ च्या कायद्यानं लगडी बाळगण्यावर आणि सोनारांकडच्या साठ्यावर कडक मर्यादा घातल्या. तस्करी त्यामुळे थांबली नाही. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते. पण मधल्या सत्तावीस वर्षांत पुष्कळ घरांनी मुलांना ऐरणीपासून लांब पाठवून दिलं होतं.

शुद्धतेचा प्रश्न सोडवला तो हॉलमार्कनं. भारतीय मानक ब्युरोनं २००० मध्ये सोन्यासाठी ही योजना ऐच्छिक म्हणून सुरू केली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तुमच्या अंगठीच्या आत ब्युरोचं चिन्ह, २२के९१६ सारखी शुद्धता आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा असतात. क्रमांक ब्युरोच्या ॲपवर टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना मात्र सक्तीतून सूट आहे. भाव चढला तशा अंगठ्या हलक्या होत चालल्या, तेव्हा ही सूट लक्षात ठेवावी आणि छाप मागून घ्यावी. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला आणि त्याच वर्षी ९ कॅरेटलाही हॉलमार्कची वाट मोकळी झाली.

ही व्यवस्था गिऱ्हाईकाच्या भल्याची आहे आणि ती राहायलाच हवी. पण त्या सहा अक्षरांत एक माणूस नाही. विकणारा सराफ कळतो, तपासणी केंद्र कळतं. घडवणारा कळत नाही. इंग्लंडमध्ये १३६३ पासून सोनाराला स्वतःची खूण वस्तूवर उठवावी लागली. पुढे ती पुष्कळदा कारागिराऐवजी पेढीची झाली हे खरं, पण वस्तू कोणाच्या हातची आहे हे विचारायची सवय तिनं समाजाला लावली. आपल्याकडे पैठणीच्या विणकराचं नाव आता सांगितलं जाऊ लागलं आहे. अंगठीच्या आत, छापाशेजारी, कारागिराच्या दोन अक्षरांना जागा नाही असं नाही.

साचा आणि हात

आज दुकानात दिसणाऱ्या बहुसंख्य अंगठ्या ओतलेल्या असतात. संगणकावर आकृती, त्यावरून मेणाचा किंवा राळेचा छापलेला नमुना, त्याभोवती प्लास्टरसारखा लेप, भट्टीत मेण जळून गेलं की त्या पोकळीत सोनं. मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतून जगभर जाणारे दागिने मुख्यतः याच वाटेनं बनतात. हे तंत्र परकं म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. मेण गाळून ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा बैलरथ याच पद्धतीचा मानला जातो, आणि बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लासा'त मूर्तीसाठी ती सविस्तर सांगितली आहे.

ओतकामाचे गुण खरे आहेत: एकसारखे नग, बारीक गुंतागुंत, कमी वेळ, कमी किंमत. मर्यादाही खऱ्या आहेत. ओतलेल्या धातूत कधी सूक्ष्म पोकळ्या राहतात. रुळांतून काढून ठोकलेली पट्टी जास्त घट्ट आणि ताठ होते. साधी पट्टी, वेढणी, मोहोरेची अंगठी हातघडणीत उठून दिसते. शंभर बारीक हिऱ्यांची कमळं साच्यात सोपी जातात. शहाणे कारागीर दोन्ही वापरतात: माथा ओततात आणि पट्टी घडवतात. माझी तक्रार साच्याबद्दल नाही. ओतलेली अंगठी 'हॅण्डमेड' म्हणून विकली जाते, आणि खरी हातघडणीची अंगठी ओतलेल्याच्या भावात मागितली जाते, तिथे माझा जीव तुटतो.

हा हात आज कोणाचा आहे? मुंबईच्या झवेरी बाजाराच्या माळ्यांवर तो मोठ्या प्रमाणात बंगाली आहे. घाटाल, दासपूर, हुगळीकडून आलेली पोरं एका खोलीत राहून, शिजवून, तिथेच पाटापुढे बसतात. २०२० च्या टाळेबंदीत ती गावी परतली तेव्हा बाजाराला कळलं की दुकानं आपली असली तरी हात दुसऱ्यांचे आहेत. आपल्या मुलखातलीही माणसं अशीच दूर गेलेली आहेत: सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले दुष्काळामुळे बाहेर पडले आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभराच्या सराफ बाजारांत पोचले. कोल्हापूरजवळचं हुपरी चांदीवर जगतं. आणि सगळ्यांच्या मागे झारेकरी: सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन, जाळून त्यातला कण न् कण काढणारे. सोन्याच्या धंद्यात काहीच वाया जात नाही. वाया जातो तो कारागिराचा वेळ.

आणि त्याचं शरीर. एके काळी 'केडीएम' हा शब्द प्रतिष्ठेचा होता. तो कॅडमियमच्या डागाचा. त्या डागानं सांध्याची शुद्धता टिकायची, पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि सोन्याचा डाग त्याहून जास्त तापवावा लागतो. म्हणजे प्रत्येक सांध्याबरोबर विषारी वाफ उठायची आणि बंद खोलीत बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत, मूत्रपिंडांत जायची. हॉलमार्कच्या व्यवस्थेनं कॅडमियमला मनाई केली, हा या व्यवस्थेचा फारसा न बोलला गेलेला उपकार. तरी 'केडीएम आहे का?' असं कौतुकानं विचारणारी गिऱ्हाइकं अजून आहेत.

घडणावळ

आता मूळ दुखण्याकडे. घडणावळ दोन तऱ्हांनी लावतात: ग्रॅममागे ठरावीक रुपये, नाहीतर सोन्याच्या किमतीवर टक्के. दोन्हीकडे मोजलं जातं ते वजन. आठ ग्रॅमची ठोकळा अंगठी घडवायला सोपी. तिची घडणावळ जास्त. दोन ग्रॅमची जाळीची अंगठी, जिच्यात बारा सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्याला आधीचा सुटायची भीती आहे, तिची घडणावळ कमी. भाव चढला की टक्क्यांची घडणावळ आपोआप चढते, पण पाटापुढच्या माणसाची मजुरी त्या प्रमाणात चढतेच असं नाही. कारागिराला वजनानं सोनं मिळतं, वजनानं परत द्यावं लागतं, आणि ठरलेल्या घटीतून काही वाचलं तर तेच त्याचं वरकड. ज्या कामाचं मोल वजनात होतं, तिथे नाजूक काम करणारा तोट्यात जातो. मग तो जाड आणि साधं काम करू लागतो, किंवा मुलाला दुसरीकडे पाठवतो. कला मरते ती अशी, हिशेबाच्या एका पद्धतीमुळे.

शिकवण्याची सोय अगदीच नाही असं नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुवर्णकामाचे अभ्यासक्रम आहेत, मुंबईत रत्न-आभूषण उद्योगाची संस्था आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. हत्यारांसाठी मदत आणि तीन लाखांपर्यंत बिनतारण कर्ज आहे. पण शिकलेल्या मुलाला वजनाच्या हिशेबातच परत ढकलायचं असेल तर कर्ज त्याला धरून ठेवणार नाही.

यातलं बरंचसं गिऱ्हाईक बदलू शकतं. सोन्याची किंमत आणि घडणावळ वेगळी मागावी आणि घडणावळीला तास, सांधे, कोंदण यांच्या भाषेत बोलायला लावावं. अंगठी घडवलेली की ओतलेली हे सरळ विचारावं. सांधा कुठे आहे ते पाहावं. पुढे माप वाढवता येईल का हे विचारावं. साधी पट्टी कापून वाढवता येते, चहूबाजूंनी हिरे असलेली सहसा येत नाही. छाप मागावी. आणि जमलं तर घडवणाऱ्याला भेटावं, नाव विचारावं, त्यानं सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करायच्या आधी त्याला एक सांधा जोडताना बघावं.

माझी अंगठी चार ग्रॅमला थोडी कमी भरली. कापलेले तुकडे आणि कानशीचा कीस मामांनी कागदाच्या पुडीत बांधून, वजन करून, माझ्या हातात दिला. मजुरी मी न मागता त्यांनी सांगितली, ती इतकी कमी होती की मी दुप्पट देऊ केली. त्यांनी जास्तीचे पैसे परत केले. "ठरल्यालं तेवडंच," म्हणाले. मग थोडं थांबून, "पर कुनी इचारलं तर सांगा, गुजरीत एकजण हाय म्हनून."

हा लेख लिहिताना ती अंगठी बोटात आहे. मधली घळ अंगठ्यानं चाचपली की आजीचे दोन फेरे लागतात. काट्यावर ठेवली तर ती घळ कणभर वजा भरते, कारण तेवढं सोनं कानशीनं काढलं आहे. बिलाच्या हिशेबात ती घट आहे. माझ्यासाठी अख्ख्या अंगठीत तीच सर्वांत मोलाची जागा आहे.